रणातला तंबू आणि नोंदवही

डिसेंबर उजाडला, की शुक्रवारी रात्री अहमदाबाद महामार्गावर विरार फाट्याच्या आसपास एक ठरावीक दृश्य दिसू लागते. टपावर तंबूंच्या वळकट्या बांधलेल्या, मागे पाण्याचे कॅन, गॅसची शेगडी आणि घडीच्या खुर्च्या कोंबलेल्या जीप आणि मोठ्या मोटारी चहापुरत्या थांबतात आणि उत्तरेची वाट धरतात. त्यांतल्या कितीतरी कच्छच्या रणाकडे निघालेल्या असतात. २००५ मध्ये सुरू झालेल्या रणोत्सवाने धोरडोचे पांढरे रण शहरी पर्यटकांच्या परिचयाचे केले. पण उत्सवाच्या दिव्यांपासून दूर, आपल्याच गाडीच्या आडोशाला तंबू ठोकून दोन रात्री काढण्याची हौस असलेला वर्गही वसई-विरार, ठाणे, मुंबई या पट्ट्यात आता लहान राहिलेला नाही.

याच रणात सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईच्या एका गृहस्थाने तंबू ठोकला होता. त्याच्यापाशी गॅसची शेगडी नव्हती, दिशा दाखवणारे यंत्र नव्हते आणि वाट चुकल्यास फोनवरून कुणाला हाक मारण्याची सोय नव्हती. दुर्बीण, बंदूक आणि नोंदवही एवढाच त्याच्या कामाचा ऐवज. डॉ. सालिम अली यांचे नाव आज पक्षी म्हटले की आपोआप ओठांवर येते. मात्र त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग कार्यालयात किंवा ग्रंथालयात नव्हे, तर रानावनातल्या आणि वाळवंटातल्या छावण्यांत गेला, हे त्यांच्या कीर्तीच्या धबडग्यात काहीसे मागे पडले आहे.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईतल्या एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमिदा बेगम यांनी गिरगावजवळच्या खेतवाडीतल्या घरात या पोरक्या भावंडांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने पोराने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि ही नेहमीची चिमणी नव्हे, एवढे त्याच्या ध्यानात आले. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी त्या रानचिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय कपाटे उघडून भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून इतकी सांगितली गेली आहे, की तिच्याच वेळची दुसरी, अधिक बोलकी गोष्ट झाकोळून गेली.

ती गोष्ट अशी. भिंतीतल्या एका भोकात चिमणीचे घरटे होते. बाहेरच्या खिळ्यावर नर पहारा देत बसे. मुलाने त्या नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर गाठला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. सात दिवसांत आठ नर मारले गेले आणि दर वेळी मादीपाशी नवा जोडीदार हजर. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने एवढे पाहून सोडून दिले असते, तर तो केवळ क्रूर खेळ ठरला असता. त्याने ते लिहून ठेवले. पुढे सुमारे सहा दशकांनी ही बालपणीची टिपण पक्षिनिरीक्षकांच्या एका वार्तापत्रात छापली गेली, तेव्हा तिच्यात फारसे काही बदलावे लागले नाही. पाहिलेले त्याच दिवशी कागदावर उतरवण्याची सवय अंगात मुरली ती तेव्हापासून.

औपचारिक शिक्षणाशी मात्र त्यांचे फारसे जमले नाही. सेंट झेवियर्स महाविद्यालय अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातल्या तवाय येथे कुटुंबाच्या वुल्फ्रॅमच्या खाणी आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. खाणीपेक्षा भोवतालच्या अरण्यातच त्यांचे मन अधिक रमले. धंदा काही चालला नाही. मोटारसायकलीचे वेड मात्र तिथेच जडले. पहिली गाडी साडेतीन अश्वशक्तीची एनएसयू. पुढे सनबीम, हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट अशी रांगच लागली. बीएमडब्ल्यू आपल्या वाट्याला आली नाही, ही खंत त्यांनी म्हातारपणापर्यंत जपली. १९५० मध्ये स्वीडनमधल्या उप्साला येथे आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषद भरली, तेव्हा चौपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या या गृहस्थाने आपली सनबीम मुंबईहून बोटीत चढवली आणि युरोपभर तिच्यावरून भटकंती केली. फ्रान्समध्ये एक किरकोळ अपघात झाला, जर्मनीच्या दगडी फरसबंद रस्त्यांवर अनेकदा आपटले, तरीही ते गाडीवरूनच परिषदेला पोहोचले. हा हिंदुस्थानी थेट मायदेशाहून दुचाकीवर आला आहे, अशी वदंता तिथे पसरली. त्यांना ती खोटी असल्याचे सांगावे लागले, आणि ते सांगताना त्यांना थोडे वाईटच वाटले असणार.

१९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विलायतेत शिकलेल्या, साहित्याची उत्तम जाण असलेल्या या पत्नीने नवऱ्याच्या विक्षिप्त छंदाला विरोध तर केला नाहीच, उलट ती त्यात सहभागी झाली. पोट भरण्याचा प्रश्न होताच. पदवी नसल्यामुळे झूऑलॉजिकल सर्व्हेतली जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात निसर्गविभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून नोकरी मिळाली. दोनच वर्षांत ते रजा घेऊन बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. जोडपे मुंबई सोडून अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले.

बेकारीचे ते दिवस सुगरण पक्ष्याने सत्कारणी लावले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सालिम अलींनी तिच्यासमोर शिडी आणि आडोसा उभा करून पावसाळाभर बैठक मारली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर आत जाते आणि त्यानंतरच ते पुरे होते. मग नर दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो. वसईच्या वाड्यांतून ताडामाडांवर लोंबणारे खोपे पाहत लहानाचे मोठे झालेल्यांनाही हा संसार ठाऊक नव्हता. या निरीक्षणांनी पक्षितज्ज्ञांत त्यांचे नाव झाले. पण पगार कुठूनच येत नव्हता.

तेव्हा त्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. देशातल्या संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी कुणी केली नव्हती. आपण हे काम मेहनताना न घेता करू. संस्थानाने फक्त छावणीचा आणि वाहतुकीचा खर्च उचलावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद संस्थानाची पाहणी १९३१ मध्ये सुरू झाली. मग त्रावणकोर-कोचीन, मध्य भारतातील संस्थाने, म्हैसूर, बहावलपूर, कच्छ, गुजरात. वीस-एक वर्षे हा माणूस जवळजवळ तंबूतच राहिला. बैलगाडी मिळाली तर बैलगाडी, मोटार मिळाली तर मोटार, नाहीतर उंट. सामान लादायचे, पाण्याजवळची जागा शोधायची, पहाटे निघायचे, उन्हे चढली की परतून टिपलेल्या पक्ष्यांची कातडी सोलून भरायची, प्रत्येकाच्या पायाला तारीख, ठिकाण, नर की मादी हे लिहिलेली चिठ्ठी बांधायची आणि झोपण्यापूर्वी दिवसभराची टिपणे पुरी करायची. या साऱ्या कारभारात तेहमिना यांचा हात मोठा होता.

इथे आजच्या वाचकाच्या मनात शंका येईल, की पक्षिप्रेमी म्हणवणारा माणूस पक्षी मारत कसा होता? सालिम अलींनी हे कधी लपवले नाही. त्या काळी पक्ष्याची उपजात निश्चित करण्यासाठी हातात नमुना असणे हाच पुरावा मानला जाई. मात्र नमुन्यांच्या राशी जमवून केवळ रंगांच्या छटांवरून नवनव्या उपजाती पाडण्यात त्यांना फारसा रस राहिला नाही. पक्षी काय खातो, कुठे राहतो, का येतो आणि का जातो, हे त्यांचे प्रश्न होते. त्यासाठी जिवंत पक्षी पाहावा लागतो, आणि जिवंत पक्षी पाहायचा तर त्याच्या मुलखात मुक्काम करावा लागतो.

अशाच एका मुक्कामाची हकिगत विशेष आहे. १९३७ च्या वसंतात ते ब्रिटिश पक्षितज्ज्ञ कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्यासोबत अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले. थेरेसा क्ले या कीटकतज्ज्ञ बाईही बरोबर होत्या. कर्नलसाहेब लष्करातले, पहिल्या महायुद्धातल्या पराक्रमांच्या कथा स्वतःच रंगवून सांगणारे, उंचेपुरे, हुकमी. हिंदुकुशच्या उजाड, थंड प्रदेशात काही आठवडे एकत्र काढल्यावर त्यांनी आपल्या रोजनिशीत सोबत्याविषयी जे लिहिले, ते वाचून कुणाचाही पारा चढावा. नमुने गोळा करण्याखेरीज सालिम काहीच कामाचा नाही. त्याला धड कातडी सोलता येत नाही, स्वयंपाक येत नाही, सामान बांधता येत नाही, लाकूड फोडता येत नाही. सारखा काहीतरी लिहीत बसतो, कदाचित माझ्याबद्दलच, असा त्यांचा तक्रारीचा सूर होता. हिंदुस्थानी माणसाच्या लायकीविषयीची साम्राज्यशाही मतेही त्यात होती. गंमत अशी, की पुढे ही पाने हाती आल्यावर सालिम अलींनी ती दडपली नाहीत. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ती स्वतःच छापली, आणि तीही मिश्कीलपणे. छावणीतल्या लाकूडफोडीत आपण कच्चे आहोत हे त्यांना मान्य असावे. कर्नलसाहेबांना खटकलेले ते सततचे लिहिणे मात्र त्यांनी कधी सोडले नाही. त्या दोघांपैकी कुणाची टिपणे काळाच्या कसोटीला उतरली, ते पुढे दिसलेच.

१९३९ च्या आरंभी ते बहावलपूरच्या वाळवंटी मुलखात होते. त्याच वर्षी जुलैमध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. एकवीस वर्षांचा सहवास संपला. मूलबाळ नव्हते. डेहराडूनचे बिऱ्हाड मोडून ते मुंबईला, पाली हिलवर बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहायला आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. घर त्यांना या बहिणीने दिले. बाकीचे आयुष्य त्यांनी छावण्यांच्या स्वाधीन केले. १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' प्रसिद्ध झाले आणि सामान्य माणसाच्या हाती प्रथमच देशातले पक्षी ओळखण्याचे साधन आले. ज्या पत्नीने त्यांच्या इंग्रजीला वळण लावले, तिला मात्र ते पुस्तक पाहायला मिळाले नाही.

कच्छचे महाराव विजयराजजी यांच्या आश्रयाने १९४३-४४ मध्ये कच्छची पाहणी झाली. जपानी आक्रमणामुळे सिंगापूरहून निसटून मुंबईत आलेले तरुण धनिक लोक वान थो कॅमेरा घेऊन या भटकंतीत सामील झाले. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली आणि सालिम अलींच्या अनेक उपक्रमांना तिने आर्थिक आधार दिला. या पाहणीवरचे 'द बर्ड्‌स ऑफ कच्छ' १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण कच्छने त्यांना खरे वेड लावले ते पुस्तकापलीकडच्या एका गोष्टीने.

मोठ्या रणाच्या पोटात, पच्छम बेटाच्या उत्तरेला रोहित पक्ष्यांची वीण होते, हे राव खेंगारजींना १८९३ मध्ये आढळले होते. स्थानिक लोक रोहिताला हंज म्हणतात आणि त्या जागेला हंजबेट. पावसाळ्यात समुद्राचे आणि नद्यांचे पाणी रणावर पसरते. पुढे ते आटत जाताना खारट होते आणि त्यात बारीक जीवांची अमाप पैदास होते. हेच रोहितांचे अन्न. चिखल नेमका ओला आणि पाणी नेमके उथळ असेल, त्या वर्षीच पक्षी घरटी बांधतात. घरटे म्हणजे चिखलाचा फूटभर उंचीचा बुटका बुरूज, माथ्यावर खळगा आणि त्यात बहुधा एकच अंडे. पाऊस कमी झाला तर वीण नाही, जास्त झाला तर घरटी बुडतात. म्हणून ही वसाहत दर वर्षी सापडेलच याची खात्री नसते.

१९४५ च्या एप्रिलमध्ये सालिम अली तिथे पोहोचले. पोहोचले हे लिहायला सोपे आहे. छोट्या रणात उन्हाळ्याच्या तोंडाशी जमीन तव्यासारखी कडक होते आणि मोटार भन्नाट पळते. पण मोठ्या रणाच्या त्या भागात वर मिठाची पातळ खपली आणि खाली काळा चिखल. चाक एकदा रुतले की सुटकेची आशा नाही. तेव्हा मोटार काठावर सोडायची आणि पुढे खारट पाण्यातून, चिखलातून जनावराच्या पाठीवरून जायचे. सगळीकडे सारखीच सपाटी. ना झाड, ना दगड, दुपारी मृगजळामुळे क्षितिजच वितळून जाते. गोड पाण्याचा थेंब नाही, सावली नाही. जे लागेल ते सोबत न्यायचे आणि संपण्याआधी परत फिरायचे. एवढे करून जे दिसले, त्याची मोजदाद करण्याचे भान या माणसाने ठेवले, हे विशेष. नजर पोहोचेल तिथवर गुलाबी-पांढऱ्या पक्ष्यांचा गजबजाट असताना त्यांनी वसाहतीच्या विस्ताराचा हिशेब मांडला आणि पक्ष्यांची संख्या पाच लाखांच्या घरात असल्याचा अंदाज केला. आशियातली रोहितांची एवढी मोठी वीण तोवर कुणी नोंदवली नव्हती. पुढे या जागेकडे पाहण्याची जगाची दृष्टी ठरली ती या आकड्याने.

छोट्या रणातल्या घुडखरांवर, म्हणजे रानगाढवांवर, त्यांनी १९४६ मध्ये लिहिले, तेव्हा त्यांची संख्या काही हजारांत होती. पुढे रोगराईने ती कोसळत गेली आणि १९६९ च्या गणनेत जेमतेम ३६२ जनावरे भरली. घसरण केवढी, हे सांगायला आधीची नोंद हाताशी होती. १९७३ मध्ये छोट्या रणात अभयारण्य जाहीर झाले आणि घुडखर पुन्हा वाढले.

कच्छशी त्यांचे नाते नंतरही सुटले नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही तापाने ग्रासले. गोचिडांतून पसरणारा हा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग तो हिवाळी पाहुण्या पक्ष्यांबरोबर आला काय, असा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचा प्रकल्प हाती घेतला. साठीपल्याडचे सालिम अली त्याचे सूत्रधार होते आणि सुरुवातीच्या छावण्यांपैकी काही कच्छमध्येच पडल्या. जाळ्यात सापडलेल्या इवल्या पक्ष्याला मुठीत धरायचे, कडी घालायची, क्रमांक लिहायचा आणि सोडून द्यायचे. बंदुकीची जागा अशी हळूहळू जाळ्याने घेतली.

पुढचे पर्व सर्वपरिचित आहे. एस. डिलन रिप्ले यांच्यासमवेत दहा खंडांचा ग्रंथराज, १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, त्याच सुमारास पन्नास हजार डॉलरचा पॉल गेटी पुरस्कार आणि ती रक्कम सोसायटीच्या कामासाठी देऊन टाकणे, १९८५ मध्ये राज्यसभा. राष्ट्रीय पक्षी म्हणून वाळवंटातल्या माळढोकची निवड व्हावी, असे त्यांचे मत होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोराची काळजी घ्यायला लोकमानस समर्थ होते, माळढोकला मात्र कुणी वाली नव्हता, एवढाच त्यामागचा विचार. माळढोकची आजची दैना पाहता हा आग्रह किती दूरदृष्टीचा होता, हे वेगळे सांगायला नको. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांत कर्नल माइनर्टझहागेन यांचे बिंग फुटले. ब्रिटिश संग्रहालयातल्या त्यांच्या नमुन्यांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा अनेक पक्षी दुसऱ्यांच्या संग्रहातून चोरलेले आणि पायाला खोटी तारीख, खोटे ठिकाण लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधलेले निघाले. त्यांतला एक होता वन पिंगळा. हे छोटे घुबड गुजरातेतल्या मांडवी येथे आपण १९१४ मध्ये मिळवले, असा कर्नलसाहेबांचा दावा होता. वास्तविक तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. या खोट्या चिठ्ठीने शोधकांची दिशाच चुकवली आणि वन पिंगळा नामशेष झाला, असा समज दृढ होत गेला. चिठ्ठीतला खोटेपणा ओळखून अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि १९९७ च्या नोव्हेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ त्यांना वन पिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीला ११३ वर्षे झाली होती.

त्यानंतर मेळघाटात, मध्य प्रदेशात त्याचे ठावठिकाणे मिळत गेले. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात आढळला. वसईच्या तुंगारेश्वरच्या डोंगरांपलीकडचे, वज्रेश्वरीच्या पुढचे हे सागाचे जंगल. मुंबईला पाणी पुरवणारा तानसा तलाव त्याच्याच कुशीत आहे. कच्छच्या वाटेवर विरार फाट्याला चहासाठी थांबणाऱ्या मोटारींपासून ते फार दूर नाही.